पत्र्यावरचा नवस

मेलेसिओ मास्तरांना जेवायला बोलावलंय, हे आईने आम्हाला सांगितलं तेव्हा मास्तर फाटकातून आत आलेसुद्धा होते. काखेत कागदांची गुंडाळी, डोक्यावर उन्हाने पिवळी पडलेली टोपी, आणि नाक थेट अंगणातल्या बिर्रियाच्या, म्हणजे बकऱ्याच्या रश्शाच्या, पातेल्याकडे. आईची ही जुनीच रीत. घरात भांडण होणार हे दिसलं की ती आधी पाहुणा बोलावते. पाहुण्यासमोर ओरोस्को मंडळी आवाज चढवत नाहीत, असा तिचा समज. एवढी वर्षं या घरात काढूनही तिला ओरोस्को कळले नाहीत, म्हणजे कमालच म्हणायची.

मास्तर नवसाची चित्रं काढतात. कुणी विहिरीत पडून वाचला, कुणाचा ताप उतरला, कुणाचा नवरा उत्तरेची सीमा ओलांडून सुखरूप घरी आला, की माणसं मास्तरांचं दार ठोठावतात. मास्तर पत्र्याच्या तुकड्यावर तो प्रसंग रंगवतात, वर ढगात सान हुआनची बया, म्हणजे मरियम माता, काढतात, खाली आभाराच्या चार ओळी लिहितात, आणि तो पत्रा तिच्या देवळाच्या भिंतीवर जाऊन बसतो. मास्तरांची बया फार गोड असते. घोडे मात्र शेळीसारखे येतात. आमच्यासारख्या, घोड्यावरच जन्म काढणाऱ्या घराने त्यांना बोलावणं, हीच मुळात नामुष्की होती.

"बसा मास्तर. हाडाचं वाढू की मांसाचे तुकडे?" आईने विचारलं.

"दोन्ही वाढा बाई. प्रसंग मोठा आहे."

"प्रसंग कसला?" टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाबांनी चमचा खाली ठेवला.

"नवसाचा," आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "शुक्रवारी बयेच्या सणाला गावचा ट्रक निघतोय. त्याच्या आत रंग वाळायला हवा."

"मी नाही म्हणालो होतो."

"तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. सप्टेंबरपासून तुम्ही या घरात काही म्हणताच कुठे?"

हे मात्र खरं होतं. सप्टेंबरच्या जत्रेत माझा धाकटा भाऊ रामिरो रिंगणात पडला, तेव्हापासून आमच्या बाबांची जीभच जणू कुणी काढून ठेवली होती.

तो खेळ आमच्या घराचाच. सगळे खेळ झाले की शेवटी मरणउडी. आपल्या पळत्या घोड्यावरून, शेजारी पळणाऱ्या रानटी घोडीवर उडी टाकायची. तिला ना लगाम ना खोगीर. नुसती आयाळ धरून ती थकेपर्यंत टिकायचं. मागून तीन स्वार तिला हाकत असतात. आजोबांनी केली, बाबांनी केली, आणि रामिरोसारखी देखणी उडी तर आमच्या लाल मातीने पाहिली नव्हती. त्या दिवशी त्याच्या हातात आयाळ आली आणि सुटली. एवढंच झालं. तो खाली, घोडी वरून, मागे तीन स्वार, आणि धुळीचा असा लोट उठला की आम्हाला काही दिसेना.

त्या धुळीकडे बघत आईने गुडघे टेकले. सगळं गाव ऐकत होतं. "बये, माझं पोर जिवंत ठेव. तुझ्या भिंतीला त्याचं चित्र आणून लावीन!"

पोर जिवंत राहिलं. पाठीचा कणा राहिला नाही. कमरेखाली रामिरोला आता काही कळत नाही, आणि डॉक्टरांनी पुढच्या आशेचा विषयसुद्धा काढू दिला नाही.

आता तुम्हीच सांगा, नवस फळला की नाही?

"फळला," आई म्हणायची. "जीव मागितला होता, जीव दिला तिने."

"अर्धा फळला," कूका आत्या म्हणायची. ही बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जपमाळ सोडली नाही, आणि बयेच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बयेच्या आधी कळतं, अशी तिची खात्री. "एल्विरा, तू घाई करतेस. चित्र दिलं की संपलं. बया म्हणेल, ही मंडळी खूश झाली, आता यांच्याकडे बघायला नको. तिच्या दारात रांग केवढी असते! पोरगं पायावर उभं राहू दे, मग खुशाल दे."

"आणि तोवर नवस अंगावर ठेवायचा?" फेर्मीन मामाने मक्याची टॉर्टिया रश्शात बुडवत विचारलं. हा आईचा भाऊ; आईच्या बाजूने बोलायचं, हे त्याचं ठरलेलं. "टोरिबिओच्या बायकोने ठेवला होता. छप्पर कोसळलं तिच्या डोक्यावर."

"छप्पर कोसळलं, कारण ते टोरिबिओने स्वतः बांधलं होतं," मी म्हणाले.

"ओतिलिया, देवाधर्माच्या गोष्टीत तोंड घालू नकोस!" हे मात्र आई आणि आत्या दोघी एका सुरात म्हणाल्या. चला, निदान एका गोष्टीवर एकमत झालं.

जानेवारीतलं ऊन होतं. सावलीत गारठा, उन्हात गुंगी. पातेल्याखालचा निखारा मंद झाला होता आणि धूर अंगणात असा तरंगत होता की भिंतीपलीकडची, टकिलासाठी लावलेल्या अगावेची निळी शेतं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. रामिरो लिंबाच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले. त्याच्या डोक्यावरून बोलणी चालली होती. सप्टेंबरपासून सगळी बोलणी त्याच्या डोक्यावरूनच व्हायची.

"मागायचंच होतं," बाबा अचानक म्हणाले, "तर पूर्ण मागायचं."

 मास्तरांचासुद्धा घास थांबला.

"काय म्हणालात?" आईने विचारलं.

"ऐकलंस तू. बयेपुढे पदर पसरलास, तर नुसता जीव मागितलास. पाय मागायला काय जीभ झडली होती?"

माझी आई काय काय सोसते ते मला माहीत आहे, पण असा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. तिला राग नव्हता आला. जे वाक्य ती रोज स्वतःला ऐकवत होती, तेच तिला त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं होतं. पुढे कितीतरी दिवसांनी भांडी घासताना तिने मला सांगितलं: ओतिलिया, मला पाय आठवलेच नाहीत गं. त्या धुळीत मला फक्त पोर आठवलं. देणारी समोर होती, देत होती, आणि मी मेली थोडकंच मागून गप्प बसले.

त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तुम्हाला काय काय विचारायचंय ते विचारा."

मास्तरांनी घाईघाईने हात पुसले, कागद उलगडला, कोळशाचा तुकडा काढला. "रिंगणात कोण कुठे होतं, ते सांगा."

"माझ्याकडे फोनवर सगळं आहे," मामा म्हणाला. "भाच्याच्या मित्राने काढलंय. दाखवू?"

"फोन नको. त्यात बया दिसत नाही. मागे तीन स्वार होते ना?"

"होते की. मधला मी. माझा तांबडा घोडा काढा, कपाळावर पांढरा टिळा आहे. खोगिरावर चांदीचं काम आहे, ते विसरू नका. आणि मास्तर, कान जरा घोड्यासारखे काढा."

"तुला चित्रात यायचंय?" बाबांनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणजे भीती बाळगावी असा होता. "कुठे यायचंय रे फेर्मीन? त्याच्या किती जवळ?"

मामाचा चेहरा उतरला. "आउसेन्सिओ, मी लगाम खेचला होता. देवाशप्पथ खेचला होता."

"केव्हा खेचलास?"

"मी... धूळ होती हो. कुणाला काय दिसत होतं?" मग तो बहिणीकडे वळला, आणि बघता बघता त्याने बाजू बदलली. "एल्विरा, ऐक ना, कूका बरोबर म्हणते. थांबूया. पुढच्या वर्षी देऊ. एवढी काय घाई आहे?"

"वा रे वा!" कूका आत्या उसळली. तिला मामाचा पाठिंबा कधीच चालला नाही. "स्वतःवर आली तेव्हा माझं म्हणणं पटलं होय? मग तर आजच काढा मास्तर! तिन्ही स्वार काढा!"

"कुणी नाही काढायचे!" बाबा गरजले.

"घोडीचं काय?"

हा रामिरोचा आवाज होता. आम्ही सगळे खाली बघायला लागलो.

"सगळ्यांचं विचारून झालं," तो म्हणाला. "घोडी कशी होती, ते कुणी मास्तरांना सांगितलंच नाही."

"घोडी..." मी चाचरले, "ती आता कुठे..."

"मागच्या कुंपणात आहे. बाबांनी ऑक्टोबरात विकत घेतली. ओतिलिया, माझे पाय गेलेत, कान नाही गेले. रोज पहाटे तिचं फुरफुरणं ऐकतो मी. चला मास्तर, दाखवतो तुम्हाला."

आणि तो निघाला. लाल मातीत खुर्चीची चाकं रुतत होती, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही मागून अशा चालीने निघालो, जशी माणसं प्रेतयात्रेत चालतात. फक्त मास्तरांच्या हातात कोळसा आणि मामाच्या हातात टकिलाचा पेला, एवढाच फरक.

बाबा सगळ्यात मागे होते. ती घोडी त्यांनी कशासाठी विकत घेतली होती, ते मला ठाऊक होतं. गोळी घालायला. पहिल्याच पहाटे बंदूक घेऊन गेले, घोडीने त्यांच्याकडे बघितलं, आणि ते तिला गवत टाकून परत आले. दुसऱ्या पहाटे बंदूक घेऊन गेले आणि पाणी भरून परत आले. मग बंदूक न्यायचं बंद झालं. आयुष्यभर ज्या माणसाने घोड्याला दुखावलं नाही, त्याला ते जमणार कसं होतं? पण आपल्याला हे जमलं नाही, याची लाज ते मनात घेऊन फिरत होते. मुलाचा सूड घेता येत नाही, असला कसला मी बाप.

घोडी कुंपणाच्या टोकाला उभी होती. राखाडी, मळकट, हाडं निघालेली. उन्हात उभ्या उभ्या पेंगत होती. मी तर श्वास रोखून बघत होते. आता ती याला ओळखेल, कान टवकारेल, बिथरेल, काहीतरी करेल.

तिने काही केलं नाही. रामिरोकडे एकदा बघितलं, माशी हाकलली, आणि वाळलं गवत चघळायला लागली.

रामिरो हसला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा, आणि मोठ्याने.

"बघा," तो म्हणाला, "हिच्या लक्षातसुद्धा नाही! आम्ही इथे जग बुडालं म्हणून बसलोय, आणि हिच्यासाठी तो एक रविवार होता. मास्तर, काढा हिला. पोटाखाली पांढरे केस आहेत, एका बाजूला भोवरा आहे, तोही काढा."

"भोवरा तुला कसा माहीत?" मास्तरांनी विचारलं.

"मी खालून बघितलाय ना. ही माझ्यावरून उडी मारून गेली तेव्हा."

त्या दिवसाबद्दल तो याआधी एक शब्द बोलला नव्हता. आम्ही कुंपणाला टेकलो. ऊन तिरपं झालं होतं, धुळीचे कण हवेत थांबल्यासारखे दिसत होते.

"तिथे आवाज नव्हता," तो म्हणाला. "तुम्ही सगळे ओरडत होता म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. नदीत डुबकी मारल्यावर जसं होतं ना, तसं. दुखतही नव्हतं. आधी हिचं पोट वरून गेलं. मग आभाळ. आयुष्यभर त्या रिंगणात घोडे पळवले मी, पण कधी वर बघितलं नव्हतं. केवढं मोठं होतं ते!"

"आणि बया?" कूका आत्याने अधीर होऊन विचारलं. "ढगात दिसली ना? निळ्या झग्यात?"

"नाही आत्या. बया दिसली नाही."

आत्याने झटकन क्रूसाची खूण केली. मग तिला राहवेना. "दिसली नाही म्हणून काय झालं? घोडीला उडी कुणी मारायला लावली?"

"घोड्याला माणसावर पाय द्यायला आवडत नाही, आत्या. कोणताही घोडा तेच करेल."

"मग तू काही मानत नाहीस, असंच ना?" आईने विचारलं.

तो घोडीकडे तोंड करूनच बोलला.

"मानत नव्हतो. आई, तू रोज उशाशी मेणबत्ती लावायचीस आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. बयेशी बोलणंच टाकलं होतं मी. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. तिथे खाली मला भीती वाटली नव्हती. मी, ज्याला प्रत्येक उडीआधी पोटात गोळा यायचा! मी एकटा नव्हतो गं तिथे. कोण होतं ते सांगता येत नाही. पण होतं. नाताळच्या सुमारास एका सकाळी मी सहज विचारलं, 'आहेस का?' तेव्हापासून रोज विचारतो. मागत काही नाही."

"उत्तर येतं?" मामाने हळूच विचारलं. त्याचा पेला कधीच कलंडला होता.

"नाही येत. पण विचारलं की दिवस सोपा जातो." मग तो आईकडे वळला. "तू थोडकं मागितलंस असं तुला वाटतं. आई, त्या धुळीत पाय मागत बसली असतीस, तर मला आयुष्यभर वाटलं असतं की तुला घोडेस्वार हवा होता. तू मला मागितलंस."

आईने तोंडावर पदर घेतला. आमच्याकडे पदर नसतो, शाल असते. पण रडायची रीत तीच.

"पोरा," बाबा मागून म्हणाले, "चित्र दिलं की हे असंच राहणार. कळतंय का तुला? मी अजून सोडलेलं नाही. तू चालशील त्या दिवशी मी सान हुआनला अनवाणी जाईन, असं मी बोललोय. कुणाला सांगितलं नाही. बोललोय मी."

"माहीत आहे, बाबा."

"कसं माहीत?"

"या खुर्चीतून माणसांची तोंडं नीट दिसत नाहीत, हात दिसतात. तुमचा उजवा हात थरथरतो आणि तुम्ही तो पाठीमागे लपवता, ते मला दिसतं. आत्या जपमाळ ओढताना मणी गाळते, तेही दिसतं." आत्याने जपमाळ खिशात टाकली. "आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या खोलीत येता, तेव्हा आधी माझ्या पायांकडे बघता. मग तोंडाकडे. रोज. बाबा, मी रोज सकाळी तुम्हाला हरलेलं बघतो. ते मला या खुर्चीपेक्षा जड जातं."

 घोडी गवत चघळत होती, तेवढाच आवाज होता. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मला वाटलं, ते आता निघून जाणार. अडचणीत सापडलेले ओरोस्को नेहमी तबेल्याकडे निघून जातात.

मास्तर खाकरले. बिचाऱ्यांना उजेड जायची काळजी. "एक अडचण आहे. चित्रात ज्याच्यावर कृपा झाली, तो पुढे गुडघे टेकून बसलेला दाखवतात. तशी रीतच आहे. आता याला कसा दाखवू? खुर्चीत दाखवला तर लोक म्हणतील, कृपा कसली? आणि गुडघ्यावर दाखवला तर ते खोटं होईल."

"खोटं नाही लावायचं बयेच्या भिंतीला," रामिरो म्हणाला.

"मग गुडघे कोण टेकणार?"

आई पुढे झाली. "मी टेकते. नवस माझाच..."

"थांब, एल्विरा."

बाबा कुंपण सोडून पुढे आले. आमचे बाबा देवळातसुद्धा मागे उभे राहतात. गुडघे टेकतात ते फक्त घोड्याचा खूर बघायला. त्यांनी टोपी छातीशी धरली, एक हात मातीला लावला आणि हळूहळू खाली गेले. दोन्ही गुडघे वाजलेले मला लांबून ऐकू आले. थरथरणारा उजवा हात सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"असंच बसायचं ना?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"असंच. मान जरा वर." मास्तरांचा कोळसा भराभर चालायला लागला. "आणि खाली काय लिहू? 'पूर्ण बरा झाल्याबद्दल' असं लिहितात."

"तसं लिहू नका."

"मग?"

बाबांनी एकदा आईकडे बघितलं. सप्टेंबरपासून तिच्याकडे असं बघितलं नव्हतं त्यांनी. आई शाल तोंडात धरून उभी होती.

"लिहा," बाबा म्हणाले, "माझ्या बायकोने मागितलं ते मिळालं. मुलगा चालत नाही."  माझ्या कठोर बापाच्या डोळ्यांतून सरळ धार लागली, कुणाचीही भीड न बाळगता. "मुलगा आहे. एवढंच लिहा. मुलगा आहे, म्हणून आभार."

"आणि स्वार?" मामाने जमिनीकडे बघत विचारलं.

"तिन्ही काढा. तिघांनीही लगाम खेचला होता," बाबा म्हणाले.

मामा पाठ फिरवून उभा राहिला. आत्याने चक्क त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उजेड सोनेरी झाला, मग तांबूस झाला. मास्तर रेघा ओढत होते, आणि बाबा हललेसुद्धा नाहीत.

"झालं," शेवटी मास्तर म्हणाले. "उठा आता."

बाबांनी उठायचा प्रयत्न केला. एकदा, मग पुन्हा. खेळात मोडलेले आणि म्हातारपणात आखडलेले ते गुडघे काही ऐकेनात.

"आता बघत काय बसलात?" ते ओरडले. "उठवा की मला कुणीतरी!"

मामा धावला, मीही धावले. पण रामिरोने खुर्ची कधीच पुढे ढकलली होती. त्याने ब्रेक लावला, वाकला आणि हात पुढे केला. "धरा, बाबा. घट्ट धरा," तो म्हणाला, आणि त्याने आमच्या बापाला उभं केलं.